साठचा जेट, पासष्टचा जेट आणि रोह्याचं भात



मागच्या कापणीनंतर बऱ्याच जणांनी विचारलं, पाठीवरच्या मशीनने भात कापतोस ना, मग तिच्यावर एक अक्षर का लिहीत नाहीस? खरं सांगतो, लाज वाटत होती. मशीन माझ्याच हाताने जाम झाली, तीसुद्धा सासरवाडीच्या शेतात, परतीचा पाऊस डोक्यावर असताना. आता वर्ष उलटलं, मशीन पुन्हा नीट चालतेय, सासरेही पुन्हा हसून बोलतात. म्हणून आज सगळं लिहितो. लांब झालं तर चालवून घ्या.

मशीन म्हणजे आपल्याकडे सगळे जिला ‘३२८’ म्हणतात ती. पाठीवर इंजिन, हातात दांडा, पुढे गोल दातेरी पातं आणि भात एका बाजूला लोळवायला पत्र्याचा गार्ड. टू-स्ट्रोक इंजिन, पिस्टन ३६ मिलिमीटरचा, स्ट्रोक ३० चा, म्हणजे साडेतीस सीसी. चहाच्या अर्ध्या कपाएवढी जागा. पण ६००० आरपीएमला त्या जागेत सेकंदाला १०० वेळा स्फोट होतो. फोर-स्ट्रोकला एका स्फोटानंतर एक फेरी मोकळी मिळते, टू-स्ट्रोकला प्रत्येक फेरीला काम. त्यात खाली ऑइलची टाकी नाही. पेट्रोलमध्ये जे ऑइल मिसळू तेवढंच त्याला मिळतं. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, पुढे सगळं त्यावरच आहे.

माझं शेत पेणच्या खारेपाटात. तिथे मी पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राच्या जाती लावतो, कारण उघाडीतून कधी खारं पाणी शिरेल याचा नेम नाही. खाऱ्या जमिनीतलं भात फार दाट होत नाही, उभं राहतं, पातं त्यातून सुरळीत फिरतं. सासरवाडी रोह्याला, कुंडलिकेच्या अंगाने. तिथली जमीन गोडी, गाळाची. सासरे कोलम लावतात आणि युरियाचा हात जरा सैल. भात कमरेच्या वर जातं आणि परतीच्या पावसात आडवं होतं. माझा मेव्हणा धाटावच्या एमआयडीसीत कामाला, त्याला सुट्टी एक दिवसाची. कापायला माणसं मिळत नाहीत हे तुम्हाला सांगायला नको. म्हणून दरवर्षी माझं आटोपलं की मशीन गाडीला बांधून वडखळ, नागोठणे करत मी रोह्याला जातो. जावई कापायला येतो याचं गावात कौतुक असतं, आणि ते कौतुक मला आवडतं. घोटाळा तिथूनच सुरू झाला.

त्या वर्षी मे महिन्यात मी मशीनवर ‘काम’ केलं. भात आडवं पडलं की ३२८ दमते, हा अनुभव होता. एकाने सांगितलं, सायलेन्सरच्या आतली जाळी आणि आडवा पत्रा काढून टाक, मोकळा श्वास घेऊ दे. दुसऱ्याने सांगितलं, फिल्टरचा स्पंज अर्धा कर. मी दोन्ही केलं. भर दुपारी अंगणात सुरू केली तर काय आवाज! आधी भडभड करायची ती आता सुईसारखी टिंग वाजत वर जायला लागली. रेस देताक्षणी उचल. बांधावरचं गवत बघता बघता साफ. मी खूश. वडील पडवीत बसून ऐकत होते, ते एवढंच म्हणाले, “लई ओरडते रे ती.” मी म्हटलं, “बाबा, ताकद वाढलेय.”

ताकद वाढली नव्हती. पेट्रोल कमी पडत होतं.

जेट म्हणजे काय ते फवारणीवाल्यांना एका वाक्यात कळेल. पंपाचं नोझल. कार्बोरेटरच्या वाटीत, फ्लोटच्या खाली, पितळेचा एक छोटा स्क्रू असतो. त्याच्या मधोमध केसाएवढं भोक. हवा वरून जोरात वाहते, तिथे ओढ तयार होते आणि त्या भोकातून पेट्रोल वर खेचलं जातं. भोक जेवढं, तेवढं पेट्रोल. हवा तुम्ही मोकळी केलीत, सायलेन्सर उघडलात, स्पंज कापलात, पण भोक होतं तेवढंच ठेवलंत, तर हवेच्या मानाने पेट्रोल कमी. याला मिस्त्री लोक ‘लीन’ म्हणतात. पेट्रोल जास्त झालं तर ‘रिच’.

थोडं लीन इंजिन फार छान वाजतं. धूर नाही, भडभड नाही, रेस चटकन चढते. इथेच माझ्यासारखा माणूस फसतो. पेट्रोल नुसतं जळत नाही, वाफ होताना ते पिस्टन आणि सिलिंडरची उष्णताही ओढून घेतं, आणि टू-स्ट्रोकमध्ये त्याच्याच पाठीवर बसून ऑइल आत जातं. पेट्रोल कमी म्हणजे आत गरमी जास्त, गारवा कमी आणि ऑइलही कमी. तिन्ही एकदम. हलक्या कामात हे निभून जातं. माझ्या खारेपाटातल्या विरळ भातात निभलं. चार दिवस कापणी केली, काही झालं नाही, उलट लोकांना सांगत फिरलो की सायलेन्सर मोकळा करा.

रोह्याला गेलो तेव्हा सासऱ्यांचं ३२ गुंठे आडवं पडलेलं होतं. आडवं भात कापायचं तर ज्या बाजूला पडलंय त्याच्या उलट बाजूने शिरावं लागतं, पातं खाली, आणि रेस पूर्ण. सोडायची सोयच नाही, सोडली की पात्याला पेंढा गुंडाळतो. पहाटे दव होतं म्हणून नऊला सुरू केलं. अर्धं शेत दोन तासांत झालं. सासरे मागून भात सारखं करत येत होते. एकदा जवळ येऊन म्हणाले, “जावईबापू, मशीन लई वरडतेय, जरा इसावा द्या तिला.” मी मान हलवली आणि कापत राहिलो. वडील तेच म्हणाले होते, सासरेही तेच म्हणाले, आणि दोघांनाही कार्बोरेटर म्हणजे काय ते माहीत नाही. कान माहीत आहेत.

अकराच्या सुमाराला आवाज अजून अर्धा सूर वर चढला. रेस सोडली तरी मशीन खाली यायला दोन-तीन सेकंद लागायला लागले. हे लीनचं पक्कं लक्षण, आज मला कळतं. मग एकदम कुणी पाय धरल्यासारखी आवळत गेली आणि ‘चुक’ करून थांबली. दोरी ओढली, दोरी हलेना. पाठ भाजेल इतकी गरमी. काढून खाली ठेवली तर सिलिंडरच्या पत्र्यांमध्ये तूस आणि पाचोळा ठासून भरलेला. म्हणजे वाऱ्याने गार होण्याची वाटही मीच बंद केली होती.

दुपारी ढग आले. सासूबाई काही न बोलता विळा घेऊन उतरल्या, बायको उतरली, मी उतरलो. संध्याकाळपर्यंत पाच-सहा गुंठे झाले असतील. रात्री पाऊस लागला आणि दोन दिवस थांबला नाही. कापून पसरलेलं भिजलं, ते उन्हात उलटून-पालटून बरंचसं वाचवलं. पण जे आडवं उभ्या पाण्यात राहिलं त्याला लोंबीवरच कोंब फुटले. आठ-नऊ गुंठ्यांचं भात शेवटी गुरांना घातलं. सासरे एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

पेणला येऊन मशीन उघडली. पिस्टनच्या एका बाजूला, ज्या बाजूला सायलेन्सरचं तोंड असतं तिथे, अॅल्युमिनियम खरवडून उभे ओरखडे. दुसरी बाजू जवळपास कोरी. मी ज्यांच्याकडे नेली ते मिस्त्री जुने, एम-८०, लूना, राजदूत आणि आरएक्स-१०० च्या काळातले. आरएक्स-१०० चं उत्पादन १९९६ ला बंद झालं, पण त्यांच्या दुकानात एक अजून उभी आहे. त्यांनी पिस्टन बघितला, मग प्लग बघितला. प्लगचं टोक चुन्यासारखं पांढरं. म्हणाले, “ऑइल किती घालतोस?”

“काका, लिटरला ४० मिली. पंचविसास एक. बरोबर घालतो. आता वाढवू का?”

ते हसले. म्हणाले, ऑइल वाढवलंस तर भोकातून जाणाऱ्या त्याच धारेत ऑइलचा हिस्सा वाढेल आणि पेट्रोलचा कमी होईल, म्हणजे अजून लीन. मी चाट पडलो. हिशेब केला तर पंचविसास एकवरून विसास एक केलं की पेट्रोल साधारण एक टक्काच कमी होतं, फार नाही. पण दिशा उलटी. मशीन जाम झाली की आपण सगळे पहिल्यांदा काय करतो? ऑइल वाढवतो. मीही तेच करणार होतो.

सिलिंडर-पिस्टनचा सेट मला हजार-बाराशेत पडला. तो बसवल्यावर मिस्त्रींनी लगेच जेट बदलला नाही. आधी गळती बघितली. कार्बोरेटर आणि सिलिंडर यांच्यामध्ये जो काळा ठोकळा असतो त्याचं पॅकिंग फाटलं, किंवा क्रँकचं ऑइल सील गेलं, तरी बाजूने हवा घुसते आणि इंजिन लीन होतं. तिथे जेट मोठा करून काही उपयोग नाही. मशीन आयडलवर ठेवून जोडावर साबणाच्या पाण्याचा फवारा मारला. आवाज बदलला तर समजायचं तिथून हवा ओढतेय. माझी ठीक होती. मग फ्लोट, मग टाकीतली जाळी. ती अर्धी तुंबलेली निघाली, तीही पेट्रोल अडवत होतीच. एवढं झाल्यावर मग वाटी उघडली.

जेटवर नंबर नव्हता. स्वस्त मशीनच्या जेटवर पुष्कळदा नसतोच. त्यांनी पिन घालून मोजला, ०.६० मिलिमीटर. जेटच्या नंबरांचं एक लक्षात ठेवा, दोन पद्धती आहेत. काही कार्बोरेटरचे नंबर भोकाच्या मापाचे, म्हणजे ६० म्हणजे ०.६०. मिकुनीचे षटकोनी मेन जेट असतात त्यांचे नंबर मात्र धार किती येते त्यावर. एकाचा नंबर दुसऱ्याशी लावायला जाऊ नका.

मिस्त्रींच्या एका पत्र्याच्या डब्यात चाळीस वर्षांचे जेट होते. त्यातले दोन माझ्या आट्यात बसले, एक ०.६५ चा, एक ०.७०. मला वाटलं, ०.०५ ने काय होणार? पण भोकातून जाणारी धार क्षेत्रफळावर असते, व्यासावर नाही. साठचं पासष्ट केलं की क्षेत्रफळ १७ टक्के वाढतं. सत्तर केलं तर ३६ टक्के. ज्यांना नोझलचा डिस्चार्ज मिनिटाला मोजायची सवय आहे त्यांना हे लगेच पटेल. मला पटेना म्हणून घरी येऊन मोजलं. सलाईनची रिकामी बाटली आणि नळी, खाली जेट, पाण्याची पातळी जेटपासून अर्ध्या मीटरवर, खाली औषध मोजायचा मोजपेला. साठच्या जेटमधून मिनिटाला ३५ मिली, पासष्टमधून ४१. पाणी आणि पेट्रोल सारखं वाहत नाही, पण दोन जेटची तुलना करायला हे पुरतं.

याच खेळात शेजाऱ्याचा जेट मोजला. शिक्का ६० चा, धार ४६ मिली. त्याला विचारलं तर म्हणाला, दरवर्षी क्लचच्या वायरची एक तार घालून साफ करतो. पितळ मऊ, तार पोलादाची. चार वर्षांत त्याने साठचा सत्तर करून ठेवला होता आणि मशीन पेट्रोल पिते, धूर ओकते म्हणून कंपनीला शिव्या घालत होता. जेट साफ करायचा तर गरीची बारीक तंगूस घाला, किंवा नुसतं पेट्रोल आणि हवा. तार नको.

आता या सगळ्यात पेट्रोलचाही वाटा आहे, आणि तो आपल्या हातात नाही. २०२२ च्या जूनपर्यंत देशात पेट्रोलमध्ये सरासरी १० टक्के इथेनॉल गेलं, आणि २०२५ मध्ये २० टक्के. माझी ३२८ त्याच्या आधीची. एक किलो शुद्ध पेट्रोल पूर्ण जळायला १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला फक्त ९, कारण त्याच्या पोटात स्वतःचाच ऑक्सिजन आहे. वीस टक्के मिसळल्यावर हा आकडा साधारण साडेतेरावर येतो. म्हणजे तेवढ्याच हवेला आठ-एक टक्के जास्त इंधन द्यायला हवं. जेटच्या भाषेत साठचा जवळपास साडेबासष्ट. मोटरसायकलमध्ये हल्ली सेन्सर आहे, तो आपोआप देतो. आपल्या पितळेच्या भोकाला अक्कल नसते. म्हणजे मी सायलेन्सरला हात लावायच्या आधीच मशीन लीनकडे झुकलेली होती, जुनी भडभड तेवढी तिला वाचवत होती. ती भडभड मी काढून टाकली. इथेनॉलवर माझा राग नाही, उसवाल्यांनाही जगू दे, पण जुन्या टू-स्ट्रोकवाल्यांना हे कुणीतरी सांगायला हवं होतं. अजून एक, इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं आणि आपल्याकडे हवेत पाण्याला तोटा नाही. मिश्रण करून दोन महिने कॅनमध्ये ठेवलेलं पेट्रोल मी आता वापरत नाही, आणि हंगाम संपला की वाटी रिकामी करूनच ठेवतो.

हवेचंही बघा. मी मे महिन्यात दुपारी ३६ अंशात मशीन ‘छान’ लावली. कापणीच्या सकाळी २२ अंश. थंड हवा जड, त्याच मापात साडेचार टक्के जास्त हवा आत येते, पेट्रोल मात्र त्या मानाने वाढत नाही. म्हणजे सकाळी अजून लीन. मिस्त्रींच्या हाताखालचा पोरगा हे ऐकून मोबाईलवर व्हिडिओ दाखवायला लागला. कॅनडाकडे बर्फावर पळणाऱ्या स्नोमोबाईल असतात, त्यातही बऱ्याच टू-स्ट्रोक. शून्य अंशाची हवा उणे ३० ला गेली की १२ टक्के जड होते, म्हणून कार्बोरेटरवाल्या गाडीबरोबर तक्ताच मिळतो, एवढं तापमान, एवढी उंची, तर एवढा जेट. डोंगरावर चढले की हवा विरळ, म्हणून जेट लहान करतात. इंजिनात फेरफार केलेला माणूस तिथे खिशात जेटची डबी घेऊन फिरतो. आपल्याला पेण-रोह्यात उंचीचा प्रश्न नाही आणि बर्फ फक्त मासळीवर, पण फेरफार केला तर जेटची डबी आपल्यालाही लागते, हे मला तो व्हिडिओ बघून कळलं. पावसाळ्यात उलटं होतं. ३० अंशात हवा पाण्याने पूर्ण भरली की जवळपास चार टक्के जागा वाफेने खाल्लेली असते, मशीन आपोआप थोडी रिच चालते. जुलैत बांधावर बरोबर वाटलेली मशीन ऑक्टोबरात बरोबर असेलच असं नाही.

मग जेट लावला कसा ते सांगतो. फिल्टरचा स्पंज पहिल्यासारखा पूर्ण, त्याबद्दल चर्चाच नाही, भाताची कूस आणि धूळ आत गेली तर नवा पिस्टनही सहा महिन्यांत जातो. सायलेन्सर उघडाच ठेवला, कारण मलाही बघायचं होतं. नव्या पिस्टनला पहिल्या दोन-तीन टाक्या हलक्या कामावर चालवलं. मग एका सकाळी, गार हवेत, बांधावरच्या दाट गवतात पहिल्यांदा सत्तरचा जेट. मोठ्यापासून सुरू करून लहानाकडे यायचं, उलट नाही. रिच चुकलं तर प्लग काळा होतो, लीन चुकलं तर पिस्टन जातो. सत्तरवर मशीन गुदमरली. गवतात शिरली तरी भडभड थांबेना, सायलेन्सरमधून काळं ऑइल ठिबकायला लागलं. प्लग ओला काळा.

मग पासष्टचा. आता इथे कान लावा. मोकळ्या हवेत, पात्यावर काही नसताना, पूर्ण रेस दिली की ती किंचित भडभडली, जणू अधूनमधून एक स्फोट चुकतोय. पातं गवतात घातलं की तोच आवाज स्वच्छ झाला. बाहेर काढलं, पुन्हा भडभड. मिस्त्री म्हणाले, “हेच पाहिजे. रिकामी असताना जरा चुकली पाहिजे, कामाला लागली की सरळ झाली पाहिजे.” साठवर ती रिकामी असतानाही स्वच्छ वाजायची, आणि मला तेच आवडलं होतं.

पक्कं करायला प्लग बघितला. कामावर असताना, पूर्ण रेस धरून ठेवून, रेस न सोडता लाल बटण दाबायचं. रेस सोडून आयडलवर आणून बंद केली तर प्लग आयडलचं मिश्रण दाखवतो, मेन जेटचं नाही. प्लग दुधाच्या चहाच्या रंगाचा निघाला. हल्लीच्या पेट्रोलवर रंग जरा फिका येतो, त्यामुळे नुसत्या रंगावर जाऊ नका, कान आणि रंग दोन्ही धरा.

मेन जेट फक्त पाऊण रेसच्या वर बोलतो. मधल्या रेसमध्ये स्लाइडच्या सुईचं राज्य. सुईला वर खाचा असतात, त्यात बारीक क्लिप. क्लिप एक खाच खाली केली की सुई वर उठते, पेट्रोल वाढतं. माझी अर्ध्या रेसला ठसकत होती, एक खाच खाली केली, गेली. आयडलचा स्क्रू सगळ्यात शेवटी. आपण सगळे उलट करतो, दिसतो म्हणून आधी आयडलचा स्क्रू पिळतो.

उघड्या सायलेन्सरने काय मिळालं म्हणाल तर, मन लावून बघितलं, एका टाकीत कापलेलं मोजलं. पासष्टच्या जेटवर उघडा आणि बंद यात मला फारसा फरक दिसला नाही. आवाजात फरक प्रचंड. म्हणून जाळी आणि पत्रा पुन्हा वेल्ड करून बसवला. बंद केल्यावर पासष्टवर भडभड थोडी वाढली, ती मी तशीच ठेवली. मिस्त्री म्हणाले बासष्ट-त्रेसष्टचा मिळाला तर बघ. मिळाला नाही. शोधलाही नाही.

यंदा रोह्याला गेलो तेव्हा मशीन घेऊन जाऊ की नको असं झालं होतं. बायको म्हणाली, घेऊन चला, पण बाबांना विचारून सुरू करा. विचारलं. ते म्हणाले, “तुमची मशीन, तुम्हाला माहीत.” यंदा कोलम तेवढा पडला नव्हता, कोपऱ्यात पाच-सात गुंठे आडवा. दर टाकीला थांबलो, सिलिंडरच्या पत्र्यांतलं तूस ब्रशने काढलं, पाणी प्यायलो. सासरे मागून येत होते, मधेच कान देऊन उभे राहात. दुसऱ्या टाकीला म्हणाले, “आज निस्ती भडभडतेय. बिघडली का?”

म्हटलं, “नाही बाबा, आज बरी आहे.”

मग आडव्या कोपऱ्यात पातं घातलं, आवाज सरळ झाला, आणि ते पुन्हा वाकून भात सारखं करायला लागले. साडेतीनला शेत झालं. मेव्हणा धाटावहून पाळी संपवून आला तेव्हा भारे बांधायचे बाकी होते, ते त्याने बांधले.

परवा मशीन धुऊन, वाटी रिकामी करून माळ्यावर ठेवली. साठचा जुना जेट काडेपेटीत घालून तिच्याच पट्ट्याला बांधलाय, चुकून कुणी पुन्हा बसवू नये म्हणून काडेपेटीवर ‘नको’ असं लिहिलंय. आता वालाची पेरणी. ओल बरी आहे, पण उशीर झालाय, त्याबद्दल पुढच्या वेळी.